चमत्कार आणि तारण : पंडिता रमाबाईंचे चरित्र

चमत्कार पाहिल्यावाचून विश्वास बसत नाही असे म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार करावा.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ मध्ये झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब तीर्थयात्रा करीत. पुढे दुष्काळ पडला. देव प्रसन्न होऊन धन देईल, या आशेने त्यांनी उपासतापास केले व होते नव्हते ते दानधर्मात वेचले. परंतु चमत्कार घडला नाही. सन १८७४ मध्ये वडील व मागोमाग आई मरण पावली.

पुढे बंधू श्रीनिवास यांसह रमाबाई हिमालयाकडील एका सरोवरास गेल्या. पाण्यावर तरंगणारे तेथील सात डोंगर निष्पाप यात्रेकरूंकडे आपण होऊन येतात, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी आहेत असे पुजाऱ्यांनी बजावले असताही बंधूंनी पोहत जाऊन पाहिले, तो ते तराफ्यांवर रचलेले ढीग निघाले! दक्षिणा मिळाली म्हणजे नावाडी त्यांस मागून ढकलीत.

सन १८८० मध्ये बंधू वारले, १८८२ मध्ये पती. रमाबाई वैद्यक शिकण्यास इंग्लंडास गेल्या. पण कानांच्या दोषामुळे तो बेत राहिला. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि जिवाची तळमळ शमली नाही. आपणांस धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, हे त्यांस पुढे उमगले. सन १८९१ च्या सुमारास, आपण पापी आहो व ख्रिस्ताने आपला भार वाहिला आहे, हे शास्त्रवचनांवरून पटून त्यांस शांती लाभली. त्या वेळी आकाशात चिन्ह दिसले नाही, कानही बरे झाले नाहीत.

केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातील शेकडो मुली सांभाळल्या. सन १९०५ मध्ये तेथे मोठी आत्मिक जागृती झाली. तरी सन १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा त्यांच्या आधी गेली. बाईंनी विश्वास सोडला नाही. पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीतील भाषांतर पुरे केले आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

बंधुभगिनींनो, देव आजही रोग्यांस बरे करण्यास समर्थ आहे. त्याजकडे अवश्य मागावे. परंतु मागितलेले मिळाले नाही म्हणून कोणी मंडळी सोडू नये, आणि उपदेशकांनीही आरोग्याचे आमिष दाखवून कोणास बाप्तिस्म्यास आणू नये. बरे झालेले शरीरही एके दिवशी मातीस मिळते. ख्रिस्तावर टेकलेला जीव मात्र तरतो.