तूरचे संत ग्रेगरी

दरवर्षी १७ नोव्हेंबरला संत ग्रेगरी यांचा सण येतो आणि आपण भाविक तो बहुधा विसरतो. आजच्या फ्रान्समधील क्लेरमाँ येथे सुमारे ५३८ साली त्यांचा जन्म झाला. वडील संधिवाताने अंथरुणाला खिळले, तेव्हा लहानग्या ग्रेगरीने स्वप्नात मिळालेल्या आज्ञेप्रमाणे लाकडाच्या ढलपीवर यहोशवाचे नाव लिहून ती त्यांच्या उशीखाली ठेवली. वडिलांना आराम पडला, पण त्यांचे छत्र फार काळ लाभले नाही. मग काका, बिशप गॅलस यांनी पुतण्याला घडवले. त्या काकांचे चरित्र ग्रेगरींनी पुढे मोठ्या मायेने लिहिले.

५७३ साली ते तूरचे बिशप झाले. संत मार्टिन यांच्या कबरीपाशी घडणारे चमत्कार लिहून ठेवावेत असे फार वाटे, पण आपली लॅटिन कच्ची म्हणून हात धजेना. लोकांना तुझी साधी भाषाच कळते, असे सांगून आईने त्यांना स्वप्नात दटावले. आई ती आईच!

५८० साली राणी फ्रेडेगुंडची बदनामी केल्याचा आळ त्यांच्यावर आला. बिशपपद जाण्याची वेळ होती. तीन वेद्यांवर मिस्सा अर्पण करून त्यांनी शपथ वाहिली, तेव्हा सुटका झाली.

तूरचे पूर्वीचे बिशप, पाच सोडून, सगळे आपल्याच नात्यातले, असे ते अभिमानाने लिहितात. आम्हाला हे थोडे खटकते. पण त्या प्रत्येकाची नोंद त्यांनीच राखली. दहा भागांच्या इतिहासाच्या अखेरीस, ५९४ साली देवाघरी जाण्यापूर्वी, त्यांनी पुढच्या बिशपांना कळकळीने विनवले, की यातला एकही शब्द गाळू नका.