महात्मा जोतीराव फुले आणि विवाहाची यादी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले आहेत. घरात मुलगा किंवा मुलगी उपवर झाली की प्रथम स्थळे येतात, मग सुपारी फुटते आणि शेवटी दोन्हीकडची वडील मंडळी एका सतरंजीवर बसून याद्या करतात. पोशाख किती, भांडी कोणती, जेवणाची पाने किती, वाजंत्री कोणी सांगावयाची, विहिणीचा मान कसा राखावयाचा, हे सारे त्या कागदावर उतरते. कागद एक, पण त्यावर दोन कुटुंबांची पुढील कित्येक वर्षांची मिळकत कधीकधी लिहून दिली जाते. त्याचा अनुभव आपल्या ज्ञातीतील फारच थोड्या घरांना नसेल. आम्हांसही तो आहे. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र लिहावयास घेतले, तेव्हा ते या यादीच्या अनुषंगानेच लिहावे असे आम्ही ठरविले. ज्या थोर पुरुषाची तसबीर आपण मंडपाच्या दर्शनी भागी लावतो, त्याने स्वतः विवाहाची यादी कशी केली, हे एकदा शांतपणे पाहणे अवश्य आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचा व्यवसाय घराण्याकडे आला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. मातोश्री चिमणाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. वडील गोविंदराव यांनी मुलास वाढविले. इ.स. १८४० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांचा विवाह नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांच्या कन्येशी, सावित्रीबाईंशी झाला. त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे या विवाहात वधूवरांना कोणी काही विचारले नसणार. यादी वडिलांची, मुहूर्त जोशांचा आणि मंगलाष्टके संस्कृतातली, असाच तो सर्वत्र प्रघात होता.

जोतीरावांच्या आयुष्यास ज्या प्रसंगाने वळण लागले तोही एका लग्नातलाच होता. इ.स. १८४८ मध्ये ते एका ब्राह्मण मित्राच्या विवाहास निमंत्रणावरून गेले आणि वरातीत इतरांसमवेत चालू लागले. ते माळी आहेत हे ध्यानात येताच वरातीतील मंडळींनी त्यांचा पाणउतारा केला आणि त्यांना तेथून निघावे लागले. घरी येऊन त्यांनी ही हकीकत वडिलांना सांगितली. गोविंदरावांनी मुलाची समजूत घातली ती सोसून घेण्याची. पुत्राने मात्र निराळे शिकून घेतले. विवाहाची मिरवणूक ही केवळ आनंदाची गोष्ट नसून कोण वरचा व कोण खालचा हे चारचौघांत दाखविण्याचेही ते एक साधन आहे, हे त्यांनी त्या दिवशी अंगावर अनुभवले. त्याच वर्षी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या आणि पुढे त्यापायी पतिपत्नींना वडिलांचे घरही सोडावे लागले.

जोतीराव हे केवळ विचारवंत होते असा एक समज आहे. तो अपुरा आहे. ते हिशेबाचे माणूस होते. बांधकामाची कंत्राटे घेणे, माल पुरविणे हा त्यांचा व्यवसाय होता. मजुराची रोजी, चुन्याचा भाव, दगडाची ने-आण यांचा अंदाज ज्यास अचूक बांधता येतो, तोच कंत्राटदार टिकतो. इ.स. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव तेथे आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे म्हणून त्यास विरोध करणारे ते एकटेच निघाले. शोभेसाठी काढलेल्या प्रत्येक रुपयामागे कोणते काम अडून राहते, हे पाहण्याची त्यांना सवय होती. ती सवय त्यांनी विवाहाच्या यादीसही लावली.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि अवघ्या तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ रोजी, समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. वधूच्या मातोश्री बजूबाई निंबणकर या सावित्रीबाईंच्या मैत्रीण होत्या आणि सावित्रीबाईंनीच या कार्यात पुढाकार घेतला. या विवाहास खर्च आला तो विडा-सुपारीचा. हुंडा नाही, भटजीची दक्षिणा नाही. वधूवरांनी एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा मंडळींसमक्ष घेतल्या आणि विवाह झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जोतीरावांनी खर्च कमी केला तो कंजूषपणाने नव्हे. त्यांनी यादीतील प्रत्येक कलमास विचारले की, तू कोणासाठी आहेस? वधूवरांसाठी जे होते ते त्यांनी वाढविले. मंगलाष्टके सर्वांस समजतील अशा मराठीत रचली. वधूने आपल्या हक्कांबद्दल वरास विचारावे आणि वराने तिला समतेने वागविण्याचे, तिला विद्या मिळू देण्याचे वचन द्यावे, अशी योजना त्यांनी विधीतच केली. इ.स. १८८७ मध्ये हे विधी मंगलाष्टकांसह पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या वस्तूस एक पैही पडत नाही, ती त्यांनी विवाहाच्या मध्यभागी आणून ठेवली आणि ज्यांस कर्ज काढावे लागते त्या वस्तू बाहेर ठेवल्या.

असे करणे त्या काळी सोपे नव्हते. मे १८७४ मध्ये हडपसरचे ग्यानोबा ससाणे यांचा याच पद्धतीने विवाह ठरला, तेव्हा तो होऊ नये म्हणून नातलगांनीच कंबर कसली. अखेर तो विवाह जोतीरावांच्या घरी लागला. ही अडवणूक करणाऱ्यांत केवळ पुरोहित नव्हते, ज्ञातीचे पुढारी व आप्तही होते, ही गोष्ट आम्हांस येथे स्वच्छ लिहिली पाहिजे. आज ज्यांचा आपण अभिमान बाळगतो त्यांची वाट त्या दिवशी आपल्याच पूर्वजांनी अडविली होती. पुढे १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशाविना विवाहकार्य उरकले. तेव्हा आपला वंशपरंपरागत हक्क बुडाला म्हणून तेथील जोशांनी त्यांच्यावर दावा लावला आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला. यादीतील एक कलम खोडण्यासाठी एका गृहस्थास इतकी वाट चालावी लागली, यावरून ती यादी नुसती खर्चाची नसून सत्तेचीही होती हे उघड होते.

जोतीरावांच्या न्यायबुद्धीची आणखी एक बाजू आहे. मे १८७५ मध्ये सुप्यास सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकरी कर्जात का बुडाला, याची चर्चा तेव्हा फार झाली. तो लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून बुडाला, हे उत्तर शहरातील पुष्कळांना सोयीचे वाटत असे. परंतु दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनलाही, लग्नखर्चाच्या कारणास वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असेच आढळले. जोतीरावांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कर्जाची मुळे शेतसारा, लोकल फंड, मिठावरील कर, कोर्टकचेऱ्या व सावकारी यांत दाखविली. त्याच ग्रंथाच्या आरंभी, जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक संस्कारात शेतकऱ्याच्या घरून दक्षिणा कशी काढली जाते, याचीही त्यांनी जंत्री दिली. गरिबास उधळ्या म्हणून हिणवावयाचे नाही, मात्र त्याच्या माथी मारलेला खर्च त्यास दाखवून द्यावयाचा, असे त्यांचे धोरण होते. काटकसरीचा उपदेश करताना आपणही हे विसरू नये. ज्याच्या घरी एकच मुलगी आहे आणि व्याह्याच्या मागण्यांपुढे ज्याचे काही चालत नाही, त्या पित्यास उधळा म्हणणे अन्याय होय. दोष मागणाऱ्याचा आहे.

शेवटी त्यांच्या स्वतःच्या घरचे कार्य आले. बालहत्या टाळण्यासाठी १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी काढलेल्या गृहात एक ब्राह्मण विधवा बाळंत झाली होती. तिचा पुत्र यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले. हा मुलगा ज्ञातीतील अनेकांस मान्य नव्हता. त्यास मुलगी कोण देणार? ती दिली ग्यानोबा ससाणे यांनी. ज्या ग्यानोबांचा विवाह १८७४ मध्ये जोतीरावांच्या घरी लागला होता, तेच पंधरा वर्षांनी त्यांचे व्याही झाले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंत व राधा यांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. वधूचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. वधूवर दोघेही त्या वेळी लहान होते. आजच्या कायद्याने असा विवाह होऊ शकला नसता, हेही नमूद केले पाहिजे.

त्या वेळी जोतीरावांची स्थिती काय होती? आदल्या वर्षी, मे १८८८ मध्ये, मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली होती आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. डाव्या हाताने ते ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहीत होते. व्यवसाय मागे पडला होता, घरात ओढ होती. महात्म्याच्या एकुलत्या मुलाचे लग्न म्हणून थाट करावा, असे म्हणणारे तेव्हाही निघाले असते तर नवल नव्हे. परंतु दुसऱ्यांच्या घरी जी पद्धत लावून दिली तीच त्यांनी आपल्या घरी पाळली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तकपुत्रास टिटवे धरू देण्यावरून भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या.

आता आपल्याकडे पाहू. कायद्याने १९६१ मध्ये हुंड्यास बंदी केली. जोशांचा हक्कही आता कोणास बांधून ठेवीत नाही. परंतु यादी मात्र लांबतच चालली आहे. साखरपुड्याचा वेगळा हॉल, हळदीचा वेगळा मंडप, डीजे, ड्रोनचे छायाचित्रण, लग्नाआधीचे चित्रीकरण, शे-दीडशे जिन्नसांचे जेवण. यांपैकी कोणतेही कलम पुरोहिताने सांगितलेले नाही. ते आपणच आपल्यावर लादले आहे. वरातीत जोतीरावांना ज्या दृष्टीने पाहिले गेले, त्याच दृष्टीने आज आपण एकमेकांच्या मांडवाकडे पाहतो. कोणाचा मांडव मोठा, हाच प्रश्न.

म्हणून आमची सर्व सभासद कुटुंबांस नम्र सूचना अशी आहे. याद्या करावयास बसाल तेव्हा प्रथम हाती असलेली रक्कम लिहा आणि मगच कलमे लिहावयास घ्या. कर्ज काढून मिळणारी रक्कम हातची समजू नका. दोन्ही घरांनी आपापला वाटा उघडपणे सांगावा. प्रत्येक कलमापुढे ते कोणासाठी आहे त्याचे नाव घाला. वधूसाठी, वरासाठी, आजारी आजीस बसावयास खुर्ची म्हणून, लांबून येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणासाठी, असे जेथे नाव लिहिता येईल ते कलम खुशाल ठेवा. आनंदाच्या दिवशी गोड जेवू नये असे जोतीरावांनीही कधी म्हटलेले नाही. ज्या कलमापुढे लोक काय म्हणतील एवढेच लिहिता येते, ते खोडून टाका. जे वाचेल ते वधूवरांच्या नावे ठेवा. आणि वधूवरांना त्या सतरंजीवर बसवून मगच यादी पुरी करा, कारण संसार त्यांना करावयाचा आहे.

यात पहिले पाऊल ज्यांची ऐपत आहे त्यांनी टाकले पाहिजे. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्यास गरिबी म्हणतात. श्रीमंताने केले तर ती रीत होते. आपल्या संघाच्या कार्यकारिणीतील मंडळींच्या घरून, म्हणजे आमच्या घरून, ही रीत सुरू झाल्याविना आम्हांस दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार नाही. येत्या हंगामात आमच्याही घरी याद्या होणार आहेत. त्या करताना जोतीरावांची तसबीर मांडवात लावण्याआधी सतरंजीजवळ मांडून ठेवावी, असे आम्ही ठरविले आहे.