वर्गातल्या थंडीतून घडलेला संशोधक

इस्त्री ठरावीक तापली की आपोआप बंद होते. गीझरमधील पाणी हवे तेवढे गरम झाले की त्याचा दिवा विझतो. या सोयी आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यामागे कोणाची बुद्धी असेल, असा प्रश्नही सहसा मनात येत नाही. बर्फाळ प्रदेशांत तर घराच्या भिंतीवरील थर्मोस्टॅट हिवाळाभर न बोलता आपले काम करीत असतो. खोलीतील उष्णता ओळखून दूरच्या भट्टीला तिची वर्दी देणाऱ्या या विद्युत यंत्रणेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत वॉरन सेमूर जॉन्सन यांचे नाव अग्रभागी आहे. विशेष म्हणजे, हे जॉन्सन पेशाने शिक्षक होते.

त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८४७ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातल्या लेस्टर या गावी झाला. पुढे त्यांचे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यात आले. जॉन्सन यांनी तरुणपणी छापखान्यात काम केले, जमिनीची मोजणी केली, शाळेत शिकविले आणि शाळा अधीक्षकाची जबाबदारीही सांभाळली. १८७६ मध्ये व्हाइटवॉटर येथील स्टेट नॉर्मल स्कूल या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत ते अध्यापक म्हणून रुजू झाले. विस्कॉन्सिनचा हिवाळा अत्यंत कडक. त्या संस्थेच्या इमारतीला ऊब देणारी यंत्रणा तळघरात होती, तर विद्यार्थी वरच्या मजल्यांवरील वर्गांत. त्यामुळे देखभाल करणारा कर्मचारी एकेका वर्गात शिरून तापमानाचा अंदाज घेई आणि तळघरात परत जाऊन झडपा कमी-जास्त करी. तो वर चढून येईपर्यंत कुठे मुले कुडकुडत, तर कुठे घामाघूम होत. शिवाय प्रत्येक फेरीला शिकवण्यात व्यत्यय येई तो वेगळाच.

जॉन्सन यांनी या त्रासाचे मूळ नेमके हेरले. ऊब कमी-जास्त करण्याचे साधन तळघरात होते, पण तिची गरज कळत होती वर्गात. या दोहोंमध्ये दुवा नव्हता. तो जोडण्यासाठी त्यांनी धातूंच्या एका गुणधर्माचा आधार घेतला. निरनिराळे धातू तापल्यावर निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. अशा दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या की, उष्णतेने ती जोडपट्टी एका बाजूला वाकते. वाकताना ती विजेचा संपर्क जुळवू किंवा तोडू शकते. खोलीच्या भिंतीवर अशी पट्टी बसविली, तर तारेवाटे तळघरात सूचना पोहोचते. २४ जुलै १८८३ रोजी त्यांना ‘इलेक्ट्रिक टेलिथर्मोस्कोप’ या उपकरणाचे पेटंट मिळाले. हे उपकरण स्वतः झडप फिरवीत नव्हते; खोली तापली किंवा गार झाली याची खबर ते घंटेद्वारे देई. झडपेवर हात माणसाचाच होता. मात्र त्याची वर्गावर्गांतील पायपीट संपली.

कल्पना कागदावरून कारखान्यात नेण्यासाठी भांडवल हवे होते. ते मिलवॉकीच्या मांसप्रक्रिया व्यवसायातील धनिक घराण्याचे वारस विल्यम प्लँकिंटन यांच्याकडून मिळाले. अध्यापनाची सुरक्षित नोकरी सोडून जॉन्सन उद्योगात उतरले आणि १८८५ मध्ये मिलवॉकी येथे जॉन्सन इलेक्ट्रिक सर्व्हिस कंपनी स्थापन झाली. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १८९५ चे पेटंट. या नव्या पद्धतीत खोलीतील थर्मोस्टॅट दाबाखालील हवेच्या नळ्यांमार्फत वाफेच्या झडपा हलवू लागला. प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणे त्यामुळे शक्य झाले आणि मोठ्या सार्वजनिक इमारतींमध्ये ही व्यवस्था रुजली.

जॉन्सन यांचे मन मात्र एका विषयावर स्थिरावणारे नव्हते. पन्नासहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली. हवेच्या दाबावर चालणारी मनोऱ्यांवरील घड्याळे त्यांनी बनविली. १९०४ मध्ये सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कंपनीच्या यंत्रणेवर चालणारे फुलांचे घड्याळ होते. त्याच्या तबकडीचा व्यास शंभर फुटांहून अधिक होता. बिनतारी संदेशवहनाचे प्रयोगही त्यांनी केले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना मोटारींचा ध्यास लागला आणि मिलवॉकीत टपाल वाहण्यासाठी त्यांच्या मोटारी वापरल्या गेल्या. डिसेंबर १९११ मध्ये लॉस एंजलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर कंपनीने मोटारींचा उद्योग आवरता घेतला आणि सारे लक्ष इमारतींच्या तापमान नियंत्रणावर केंद्रित केले. ज्या मोटारींवर त्यांनी अखेरच्या काळात जीव लावला, त्या विस्मृतीत गेल्या. वर्गातील थंडीने सुचविलेले उपकरण तेवढे टिकले. १९७४ पासून ही कंपनी जॉन्सन कंट्रोल्स या नावाने ओळखली जाते.

घरगुती थर्मोस्टॅटची वाटचाल मात्र प्रामुख्याने दुसऱ्या वाटेने झाली. मिनियापोलिसचे आल्बर्ट बुट्झ यांनी १८८५ च्या सुमारास भट्टीची झडप आपोआप उघडणारे यंत्र तयार केले आणि त्यांच्या उद्योगातूनच पुढे हनीवेल कंपनी उदयास आली. या कंपनीचा १९५३ मधील गोल थर्मोस्टॅट असंख्य घरांत पोहोचला. त्यात धातूची गुंडाळी आणि पाऱ्याची काचनळी असे. म्हणूनच असा जुना थर्मोस्टॅट काढताना तो केराच्या डब्यात न टाकता घातक कचरा संकलन केंद्रात देणे आवश्यक ठरते.

आज त्याच्या जागी घरातील माणसांच्या सवयी टिपणारा, मोबाइलवरून हाताळता येणारा स्मार्ट थर्मोस्टॅट बसविला जातो. अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो अपरिचित नाही. जुन्या उपकरणाला दोन तारा जुळविणे वा तोडणे एवढेच काम होते. नवे उपकरण म्हणजे लहानसा संगणकच; त्याला अखंड वीज लागते आणि त्यासाठी बहुधा एक जादा तार घ्यावी लागते. तरीही ते उन्हाच्या तिरिपेत किंवा दाराजवळच्या गार झोतात बसविले, तर चुकीचाच निर्णय घेणार. कारण यंत्र कितीही हुशार झाले, तरी त्याला कळते ते जिथे बसविले असेल तिथलेच तापमान. माणूस जिथे वावरतो तिथूनच तापमानाची खबर आली पाहिजे, हे जॉन्सन यांनी व्हाइटवॉटरच्या वर्गात ओळखले होते. त्या सूत्राला पर्याय आजही सापडलेला नाही.