मुकुंदराव गणपतराव पाटील

मुकुंदराव गणपतराव पाटील (इ.स. १८८५ – इ.स. १९६७) हे मराठी पत्रकार, कवी, कादंबरीकार आणि सत्यशोधक चळवळीतील एक प्रमुख विचारवंत होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून त्यांनी ‘दीनमित्र’ हे पत्र चालविले. त्यामुळे ते ‘दीनमित्रकार’ या नावानेच अधिक ओळखले जातात. २३ नोव्हेंबर १९१० रोजी सुरू झालेले हे पत्र त्यांच्या हयातीच्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, चालले. भारतातील ग्रामीण पत्रकारितेचा आरंभ बहुधा याच पत्रापासून मानला जातो.

घराणे व पूर्वपीठिका

मुकुंदरावांना पत्रकारितेचा वारसा दोन्ही घरांकडून मिळाला होता. त्यांचे जन्मदाते कृष्णराव पांडुरंग भालेकर हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाल्यावर चळवळीला स्वतःचे मुखपत्र हवे, ही गरज भालेकरांनी ओळखली आणि १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. पदरमोड करून चालविलेले ते पत्र त्यांना फार काळ झेपले नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले. मुकुंदराव ज्या घरात दत्तक गेले, त्या घरातील गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ याच नावाचे मासिक काढले होते, परंतु गणपतरावांच्या अकाली निधनाने ते थांबले. १९१० मध्ये भालेकरांचेही निधन झाले. त्याच वर्षी मुकुंदरावांनी जुने नाव धारण करून नवे पत्र काढले.

दीनमित्र

त्या काळी पत्र काढणे हा शहरातील उद्योग होता. अहमदनगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्येच सुरू केले होते आणि पुण्या-मुंबईत तर अनेक पत्रे निघत होती. ‘दीनमित्र’ मात्र आरंभी सोमठाणे आणि नंतर तरवडी अशा खेड्यांतून निघाले. दौंड-मनमाड लोहमार्ग या भागाच्या बराच पश्चिमेकडून जातो. कागद, शाई, खिळे यांपासून टपालापर्यंत प्रत्येक गोष्टीची अडचण होती. शिवाय १९१० च्या मुद्रण कायद्यामुळे छापखानेवाल्यांकडून अनामत रक्कम मागण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार सरकारला नुकताच मिळाला होता. शहरात बिऱ्हाड केले असते तर यांतील निम्म्या अडचणी टळल्या असत्या. परंतु खेड्यात राहिल्यामुळे संपादक ज्यांच्याविषयी लिहीत होता त्यांच्यातच वावरत होता, आणि हेच या पत्राचे खरे बळ ठरले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे पाठबळही त्यास लाभले.

१९११ च्या जनगणनेच्या काळात शंभर माणसांत दहासुद्धा साक्षर नव्हती आणि शेतकरी वर्गात तर हे प्रमाण त्याहून खाली होते. अशा समाजात छापील पत्राचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर वाचनाच्या तत्कालीन रीतीत आहे. खेड्यात पत्र एकाने वाचायचे आणि चावडीवर किंवा पारावर बसलेल्या दहा-वीस जणांनी ऐकायचे. म्हणून मुकुंदरावांचे गद्य मोठ्याने वाचावे असे आहे: वाक्ये छोटी, उपमा शेतातल्या आणि टोमणे घरगुती. ‘आसुडाचे फटके’ या सदराच्या नावात फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची आठवण आहे. शिक्षणाचा प्रसार, सावकारी कर्ज, लग्नकार्यावरील उधळपट्टी, पुरोहिताशिवाय करावयाचे विवाहविधी, अस्पृश्यता हे पत्राचे नेहमीचे विषय होते. याच सुमारास सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट घेऊन हेच विचार रंगमंचावर आणले. पत्र आणि जलसा ही दोन्ही साधने एकमेकांना पूरक ठरली.

पोथीच्या रूपातील लेखन

मुकुंदरावांच्या लेखनातील सर्वांत कल्पक भाग म्हणजे त्यांची पोथीवजा काव्ये. ‘कुलकर्णीलीलामृत’ (१९१३), ‘देशभक्तलीलासार’ आणि ‘शेटजीप्रताप’ ही नावे ऐकताच त्या काळच्या खेडुताला श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’ आणि ‘पांडवप्रताप’ किंवा महिपतीचे ‘भक्तलीलामृत’ आठवत असणार. महिपती तर शेजारच्या राहुरी तालुक्यातील ताहराबादचा, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे हे मुकुंदरावांच्याच तालुक्याचे गाव. श्रावणात देवळात पोथी लावण्याची पद्धत या मुलखात घरोघर परिचित होती. मुकुंदरावांनी तो घाट तसाच ठेवला आणि देवाच्या जागी गावचा कुलकर्णी आणून बसविला.

हा विनोद वरवरचा नव्हता. जमिनीचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या हाती असे. खत, पावती, फेरफार सर्व त्याच्या लेखणीतून होई आणि शेतकरी खाली नांगराची निशाणी करी. काय लिहिले आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. ‘कुलकर्णीलीलामृता’ने ही लबाडी कशी चालते ते गोष्टीच्या रूपाने उघड करून सांगितले. व्याख्यानाने जे समजले नसते ते ओवीने समजले. पुढे १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून तलाठ्यांची नेमणूक केली. त्या निर्णयामागे अनेक कारणे होती, तरी लोकमत तयार करण्यात अशा लेखनाचा वाटा नाकारता येत नाही.

‘शेटजीप्रतापा’चा विषय सावकारी हा आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध सुरू झालेला दंगा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला होता आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला. कायदा झाला तरी कर्जखत वाचता येईना, तोवर शेतकऱ्याची सुटका नव्हती, हे मुकुंदरावांच्या पिढीने पाहिलेले वास्तव होते.

कादंबऱ्या व वैचारिक लेखन

‘होळीची पोळी’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या त्यांच्या कादंबऱ्या उपहासप्रधान आहेत. परान्ने हे आडनावच दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्याकडे बोट दाखविते. पात्रांची घडण ढोबळ आहे, कथानकापेक्षा प्रचार पुढे जातो, हा आक्षेप खरा आहे. मात्र हरिभाऊ आपट्यांच्या पांढरपेशा जगाबाहेरचे खेडे मराठी कादंबरीत आणणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची नोंद करावी लागते. ‘हिंदू आणि ब्राह्मण’ या पुस्तकातील त्यांची टीका अतिशय तिखट असून ती कधी कधी व्यवस्थेवरून व्यक्तींवर आणि संपूर्ण जातीवर घसरते. त्या काळच्या ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादात दोन्ही बाजूंची भाषा अशीच होती.

उत्तरकाळ

१९३० नंतर केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये गेले आणि सत्यशोधक चळवळीतील अनेक पत्रे एकामागून एक बंद पडली. ‘दीनमित्र’ मात्र स्वातंत्र्यानंतरही तरवडीहून निघत राहिले. १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले. तरवडी येथे त्यांचे स्मारक असून त्यांच्या नावाने सत्यशोधक साहित्य पुरस्कार दिले जातात.