अमान्सियो डिसिल्वा : गिटारवरचा कोकण

चरित्रलेख म्हटला की आपल्या वार्षिकांकात लोकमान्य, केशवसुत, बालगंधर्व यांची हजेरी ठरलेली. फार झाले तर एखादा चार्ली चॅप्लिन. या थोरांविषयी मला आदरच आहे, पण त्यांच्यावर लिहायला हात पुष्कळ आहेत. मी या अंकासाठी निवडलेल्या कलावंताचे नाव आपल्या ग्रंथालयातील संगीताच्या कपाटात एकाही मराठी पुस्तकात मला सापडले नाही. विलायतेत मात्र साठीच्या दशकाअखेरचे जॅझ आणि त्याच्या आगेमागे वाढलेले संगीत धुंडाळणाऱ्या रसिकांत हे नाव चांगलेच मोठे आहे, आणि त्यांच्या मूळ तबकड्यांसाठी संग्राहक भली थोरली किंमत मोजत आले आहेत. हे कलावंत म्हणजे गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा. घराणे गोव्याचे, जन्म मुंबईचा, १९ मार्च १९३६ चा. मृत्यू १७ जुलै १९९६ चा.

माझी त्यांची गाठ पडली ती देव आनंदच्या कृपेने. आजीसाठी ‘हम दोनो’ (१९६१) मधली जयदेव यांची गाणी मोबाइलवर शोधत होतो, तर त्याच नावाची एक इंग्रजी तबकडी पुढ्यात आली. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, गिटार आणि शब्दांवाचून गाणारी एक बाई! आजीने दोन मिनिटे ऐकून घेतले आणि हे आपले नव्हे असा निकाल दिला. मी मात्र ती तबकडी त्या रात्री तीनदा ऐकली. आजीचा निकाल बरोबर की चूक, हे ठरवण्यासाठीच जणू मी डिसिल्वांच्या आयुष्याचा माग काढू लागलो.

सदरमध्ये राहणाऱ्याला खरे तर गिटारचे अप्रूप नसावे. इथे देवळाची घंटा आणि चर्चची घंटा एकाच खिडकीतून ऐकू येते. डिसेंबर उजाडला की गल्लीगल्लीत नाताळची गाणी घेऊन पोरे फिरतात आणि त्यांच्यात एक तरी गिटार असतेच. तरीही आमच्या घरांतून गिटारची पत काय? पोरगा तबला शिकू लागला तर पाहुण्यांसमोर बसवतात. गिटार घेतली तर अभ्यासाचे कसे होणार म्हणून चिंता करतात. डिसिल्वा ज्या गोमंतकीय ख्रिस्ती समाजातून आले तिथे ही भेदरेषा नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवीत, व्हायोलिन हाती देत. पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेल्या गोंयकाराच्या गाठोड्यात ही विद्या असे, आणि तिच्या बळावर तो हॉटेलांच्या, बोटींच्या आणि पुढे बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरे.

या लोकांचे आपल्यावरचे ऋण मोठे आहे आणि ते आपण क्वचितच बोलून दाखवतो. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ हे हळदोण्याचे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांनी जॅझ वाजवले आणि ‘अलबेला’ (१९५१) च्या गाण्यांतही त्यांचाच ताफा होता. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकून गेलेले विद्यार्थी. वसंतराव देशपांडेही त्याच गुरूंचे. तेव्हा महालातल्या गायनशाळेतून आणि हळदोण्याच्या चर्चमधून निघालेल्या वाटा मुंबईच्या एका स्टुडिओत मिळाल्या, असे म्हणायला हरकत नाही. पण पडद्यावर नाव संगीतकाराचे येई. स्वरलिपी लिहिणारा, वाद्यमेळ बसवणारा, सुरावटींना विलायती साज चढवणारा डिसोझा किंवा गोन्साल्विस क्वचितच श्रेयनामावलीत दिसे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या नाचघरांची रया गेली आणि अनेक जॅझवादकांना चित्रपटाखेरीज आसरा उरला नाही. पगार मिळाला, नाव गेले.

डिसिल्वा या पुढच्या पिढीतले. त्यांनी गिटार धरली तेव्हा अमेरिकेत चार्ली ख्रिश्चनने विजेच्या गिटारला वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेतून पुढे आणून बसवले होते आणि वेस मॉन्टगोमेरीचे नाव व्हायचे होते. नुसती साथ करायची नाही, सॅक्सोफोनच्या तोडीने बोलायचे, ही ती नवी रीत. डिसिल्वांनी ती आत्मसात केली आणि ते हॉटेलांतून वाजवत देशभर हिंडले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांचे वादन ऐकले, आश्रय दिला, चांगली गिटार घेऊन दिली. राजेरजवाड्यांनी बीनकार आणि खयालिये पोसले हे आपण वाचतो. एका महाराणीने जॅझच्या गिटारवाल्याला पोसले ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. डिसिल्वाही ते विसरले नाहीत. त्यांच्या रचनांत एक ‘जयपूर’ आहे आणि एक ‘महाराणी’.

पत्नी आयरिश, नाव जॉइस. या जॉइसबाई पुढे शेतीतील जनावरांना माणुसकीने वागवावे म्हणून झगडणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेच्या प्रमुख झाल्या. आयर्लंडच्या पश्चिमेला जॉइस कंट्री नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. डिसिल्वांनी आपल्या एका रचनेला तेच नाव दिले आणि एका दगडात सासुरवाड व बायको असे दोन पक्षी मारले. १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेले. कीर्ती मिळवावी म्हणून नव्हे. मुलगा आजारी होता, त्याच्यावर उपचार व्हायला हवे होते.

योगायोग असा की, लंडनला त्या वर्षी हिंदुस्थानी सुरांचे वेड लागले होते. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्येच सतार हातात घेतली होती. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरेच्या महोत्सवात रविशंकरांनी हजारो तरुणांना तासन्‌तास बसवून ठेवले. या वेडाचा काही भाग निव्वळ फॅशनचा होता. उदबत्ती, भडक रंगांचे सदरे, नशापाणी आणि मागे कुठेतरी झणझणणारी सतार, एवढ्यावर पुष्कळांचे अध्यात्म उरकत असे. पण जॅझवाल्यांचे आकर्षण अधिक खोल होते. रागात एका स्वरसमूहात राहून विस्तार करायचा असतो. जॅझमध्ये खालचे स्वरसंघात क्षणोक्षणी बदलतात आणि वादकाला त्यांच्यामागे धावावे लागते. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ मध्ये माइल्स डेव्हिसने ही धावपळ कमी करून एकेका स्वरसप्तकात रेंगाळण्याची वाट दाखवली. जॉन कोल्ट्रेन तर रविशंकरांचा इतका भक्त की त्याने मुलाचे नावच रवी ठेवले. दार असे आधीच किलकिले झाले होते.

लंडनमध्ये ते पहिल्यांदा सताड उघडले कलकत्त्याच्या जॉन मेयर यांनी आणि जमैकाहून आलेल्या सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याने. १९६६ ची ‘इंडो-जॅझ स्वीट’ आणि १९६७ ची ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या त्यांच्या तबकड्या. पाच वादक जॅझचे, पाच हिंदुस्थानी पद्धतीचे. तबल्यावर मुंबईचे केशव साठे. हे साठे म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय आहेत: १९६७ मध्ये जर्मनीतील ‘जॅझ मीट्स इंडिया’, १९७२ मध्ये ‘मॅजिक कार्पेट’ ही लोकगीते आणि सतार यांचे स्वप्नाळू मिश्रण करणारी मंडळी, पुढे जॉन रेनबर्न यांच्यासारख्या लोकसंगीतकाराची साथ, असा या मराठी माणसाचा संचार. तीन निरनिराळ्या संगीतांचे आजचे संशोधक त्यांचे नाव वाचतात. आपण वाचत नाही. असो.

मेयर यांच्या रचना मी लक्ष देऊन ऐकल्या. त्या विद्वत्तापूर्ण आहेत, पण मला त्यांत दोन पंगती दिसतात. इकडची पंगत जेवते तेव्हा तिकडची थांबते. मुंबईत १९६८ साली निघालेल्या शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा-जॅझ स्टाइल’ चेही थोडेबहुत तसेच. रईस खाँ यांची सतार लाजवाब, पण ती पाहुणी म्हणून आलेली. डिसिल्वांकडे सतार नाही, तबला नाही. जे काय व्हायचे ते एका माणसाच्या दहा बोटांत. गिटारचे पडदे सतारीसारखे कमानदार नसतात, तार बाजूला ओढून चार-पाच स्वरांची मींड काढण्याची सोय तिच्यात नाही. मग हा माणूस एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतो, एकच स्वर निरनिराळ्या दिशांनी येऊन गाठतो, मुक्कामाच्या स्वराला पुन्हा पुन्हा शिवतो. आणि खालून ढोलाची चाल मात्र अस्सल जॅझची, डुलती. ऐकणाऱ्याला शिवण दिसत नाही.

डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत त्यांना संधी दिली आणि १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ निघाली. ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन, ढोलावर ट्रेव्हर टॉम्किन्स. ब्रिटनच्या जॅझमधली ही पहिल्या फळीची माणसे. दोन वर्षांपूर्वी आजारी मूल घेऊन उतरलेल्या परक्या माणसाच्या नावावर ती वाजवायला बसली, याचे मोल जाणत्यांना सांगायला नको. ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’, ‘जॉइस कंट्री’ ही सगळी त्यातली. नुसती नावे वाचली तरी एका माणसाचा नकाशा तयार होतो.

त्याच वर्षी ‘हम दोनो’. पहिला हॅरियट, दुसरे डिसिल्वा. एक इंग्रजांच्या वसाहतीतून आलेला, दुसऱ्याचे घराणे पोर्तुगिजांच्या वसाहतीतले. भेट लंडनमध्ये, आणि तबकडीला नाव हिंदुस्थानी. नॉर्मा विन्स्टन हिचा शब्दहीन आवाज सॅक्सोफोन आणि गिटार यांच्या बरोबरीने चालतो, तेव्हा तिघांतले कोण कुठे संपले हे पहिल्या ऐकण्यात मला कळले नव्हते. ‘बॅलड फॉर गोवा’ ही त्यातली संथ रचना. १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे होत होती. मुंबईत जन्मून लंडनला पोचलेल्या माणसाने आपल्या वाडवडिलांच्या गावाची आठवण काढावी आणि ती जमैकाच्या माणसाने सॅक्सोफोनवर वाजवावी! यात उसासे नाहीत, देशभक्तीचा टाहो नाही. मला ती समुद्रावरून परतणाऱ्या माणसाच्या चालीसारखी वाटते. हॅरियट पुढे हलाखीत गेला आणि २ जानेवारी १९७३ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने वारला. ‘हम दोनो’ ची जोडी तिथे कायमची फुटली.

डिसिल्वांचे पुढचे काम सारखे नाही. १९७१ ची ‘रिफ्लेक्शन्स’ गोड आहे, चहापानाच्या वेळी लावावी अशी. १९७२ ची ‘ड्रीम सीक्वेन्स’ कॉस्मिक आय या नावाखाली निघाली. नावांवरूनच कळावे की ही त्या स्वप्नाळू, धुंद जमान्याची अपत्ये. तिच्यात सतार आली, तबला आला, स्वतः जॉन मेयर व्हायोलिन घेऊन आले. आजचे संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. माझ्या मते मात्र जे एका गिटारीने साधले होते त्यासाठी इथे सारी मंडळी जमवावी लागली. माझ्या एका प्राध्यापकांचे मत नेमके उलट आहे आणि त्यावरून आमचे कँटीनमध्ये दोनदा वाजले आहे.

त्याच १९७२ मध्ये त्यांनी आणखी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. डॉन रेंडेल पुन्हा सोबतीला होते. तिचे नाव ‘कोंकण डान्स’. ती प्रकाशितच झाली नाही. तोवर जॅझचा बाजार उतरला होता. कंपन्यांना रॉक हवे होते. कोकणचा नाच फितीवर गुंडाळून राहिला. डिसिल्वा लंडनमध्येच वाजवत राहिले, शिकवत राहिले. मुंबईत राहिलेल्या जातभाईंना काम मिळाले पण नाव मिळाले नाही; यांचे नाव मुखपृष्ठावर ठळक छापले गेले आणि तबकड्याच बाजारातून नाहीशा झाल्या. यातले कोणते नशीब बरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. १९९६ साली, साठाव्या वर्षी, ते गेले. आपल्याकडच्या मराठी वाचकाला त्याची गंधवार्ताही नसावी.

२००२ मध्ये जाइल्स पीटरसन या नभोवाणी-निवेदकाने साठीतल्या ब्रिटिश जॅझचा एक निवडक संग्रह काढला आणि नव्या पिढीला या विस्मृत संगीताची गोडी लागली. जुन्या तबकड्या पुन्हा निघू लागल्या. ‘कोंकण डान्स’ २००६ साली प्रथमच बाहेर आली. ध्वनिमुद्रणानंतर चौतीस वर्षांनी, वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तिच्यात ‘ए स्ट्रीट इन बॉम्बे’ नावाची एक रचना आहे. तो रस्ता कोणता, हे मुंबईकरांनी ओळखावे.

आता ज्यांना ऐकायचे असेल त्यांच्यासाठी. मोबाइलच्या इवल्या कर्ण्यावर ऐकू नका, बासचे सूर त्यातून गळून जातात; कानाला लावायचे यंत्र कोणाकडून तरी मागून आणा. प्रारंभ ‘बॅलड फॉर गोवा’ ने करावा, मग दोन्ही तबकड्यांतले ‘जयपूर’ लागोपाठ ऐकावे. एकच रचना डॉन रेंडेलच्या सोबतीत कशी वागते आणि हॅरियटच्या सोबतीत कशी, ते आपोआप कळेल. ‘कोंकण डान्स’ शेवटी. आजीला मी परवा तीच ऐकवली. या खेपेला तिने निकाल दिला नाही. चष्मा पुसत बसली आणि संपल्यावर मला म्हणाली की पुन्हा लाव.