हिंगणघाटला विसावलेला नकाशाकार

माहूर ७८ अंश पूर्व रेखांशाच्या अगदी जवळ आहे. याच रेखांशाच्या आसपास, कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, भारताच्या शास्त्रशुद्ध नकाशाचा कणा मोजला गेला. ते काम सुरू केले ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी.

१८०२ मध्ये त्यांनी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा साखळीने मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर मग पुढचा त्रिकोण. असे त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना अर्ध्या टनाचे थिओडोलाइट आपटले. लॅम्बटन यांनी आठवडेच्या आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले.

रानातल्या तापाने या मोहिमेतली अनेक माणसे खचली. प्रकृती ढासळलेली असतानाही लॅम्बटन थांबले नाहीत. नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पण समोच्च रेषा दाट असतील तर तिथे चढ खडा असतो. डोंगरापलीकडचा तांडा नकाशावर चार सेंटिमीटरवर दिसला, तरी रुग्णवाहिकेला मोठा वळसा पडू शकतो. सर्पदंश आणि अडलेले बाळंतपण यांत तो वळसाच जिवावर बेततो. म्हणून आपल्या गावापासून दवाखान्यापर्यंतची वाट गरज पडण्याआधीच नकाशावर पाहून ठेवावी.