हिंगणघाटच्या मातीतला मोजणीवाला : विल्यम लॅम्बटन

हिंगणघाट : पोलीस भरतीची तयारी करणारी आपली पोरं पहाटे गावच्या रस्त्यावर १६०० मीटर धावतात. पण तो रस्ता खरंच १६०० मीटर भरतो का? दुचाकीच्या मीटरवर मोजला अन् १०० मीटर कमी भरला, तर मैदानात दम तुटतो, वर्षाची मेहनत वाया जाते. नेमक्या मोजणीसाठी अख्खं आयुष्य घालवलेला एक माणूस हिंगणघाटातच चिरनिद्रा घेतोय.

विल्यम लॅम्बटन मूळचे इंग्लंडच्या यॉर्कशायरचे, फौजेतले अधिकारी. १७९९ साली ते श्रीरंगपट्टणच्या लढाईत होते. त्यानंतर त्यांनी भारत मोजायचं काम अंगावर घेतलं. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सुरुवात झाली. १०० फुटी पोलादी साखळीनं जेमतेम १२ किलोमीटर मोजायला ५७ दिवस लागले!

एवढा वेळ का? उन्हात पोलाद लांबतं. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, थर्मामीटर लावून हिशेब धरायचा. दुसरी साखळी जपून ठेवलेली, तिच्याशी ही ताडून पाहायची. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र आदळलं. लॅम्बटन यांनी ते स्वतः दुरुस्त केलं.

कन्याकुमारीपासून मोजत ते उत्तरेकडे सरकले. हैदराबादहून नागपूरला निघाले असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. वय सत्तरीच्या आसपास. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवलं. त्यांचं नाव शिखराला लागलं, लॅम्बटन मागे राहिले.

त्यांची रीत मात्र आजही चालते. मोठ्या शर्यतींचे रस्ते सायकलनं मोजतात. आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चार वेळा चालवून चाकाचे फेरे मोजतात. काम झाल्यावर पुन्हा तेच करतात, कारण उन्हानं टायरची हवा वाढून हिशेब बदलतो. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरतात.

गावातही हे जमतं. टायरला चुन्याची खूण करा, टेपनं ३०० मीटर मोजा, फेरे मोजा. १४० भरले, तर १६०० मीटरला सुमारे ७४७ फेरे. पोरांना खरं अंतर धावू द्या.